सोमवारपासून इंग्लिश

माझी लेक स्वीडिश बोलते हे मला माहीत होतं. क्लास लावलाय, परीक्षा दिली, असं सगळं ती फोनवर सांगायची आणि मी "अरे वा" म्हणायचे. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्याच स्वयंपाकघरात, पाठमोरं उभं राहून ते कानांनी ऐकणं वेगळं. गेल्या जुलैमध्ये लेक, जावई, तीन वर्षांची नात आणि विहीणबाई असे चौघं शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्याकडे तीन आठवडे राहायला आले होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे करत होते आणि मागे लेक आणि तिची सासू डिशवॉशर रिकामा करता करता बोलायला लागल्या. भराभरा, मध्येच हसत, एकमेकींचं वाक्य अर्ध्यात तोडत. मी हातात उलथनं घेऊन तशीच उभी राहिले. पोहे खाली लागले, वास सुटला, तेव्हा भानावर आले.

थक्क झाले वगैरे म्हणणं कमीच आहे. कुणीतरी तोंडात मारावं तसं झालं मला. अठरा वर्षं ही मुलगी आमच्या घरात वाढली. मराठीत तिला "चल", "बस", "चहा" आणि गणपतीची अर्धी आरती एवढंच येतं, तीही इंग्लिशमध्ये लिहून दिलेल्या कागदावरून. आणि लग्नाला पाच वर्षं झाली नाहीत तर बाई सासूची स्वीडिशमध्ये थट्टा करतायत. राग आला मला. कुणाचा ते विचारू नका. पोह्यांवर काढला तो.

ती राहते ते गाव फिनलंडच्या किनाऱ्यावर आहे. गाव म्हणजे केवढं, तर सकाळी चालायला निघालं की पाऊण तासात आपण परत आपल्याच दारात. रंगीत लाकडी घरं, बंदरात डुलणाऱ्या होड्या, एक चर्च, दोन बेकऱ्या. जावई शिकागोत शिकायला आला होता. इथेच दोघांची गाठ पडली आणि तो तिला घेऊन आपल्या गावी गेला. नातीच्या वेळी मी बाळंतपणाला म्हणून तिकडे पाच आठवडे राहून आले. तेव्हा लेकीने स्वीडिशचा क्लास लावला नव्हता, तिच्याशी सगळे इंग्लिशच बोलायचे. जायच्या आधी मी मोठ्या हौसेने सहा महिने फोनवरच्या ॲपवर फिनिश शिकले. फिनलंड म्हणजे फिनिश, त्यात विचार कसला करायचा? विमानतळावर विहीणबाई घ्यायला आल्या होत्या. मी पाठ केलेली चार वाक्यं म्हणून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, फिनिशमध्येच आभार मानले आणि गाडीत बसल्यावर इंग्लिशमध्ये सांगितलं की छान बोललात, पण माझी भाषा स्वीडिश आहे.

मला वाटलं, म्हणजे हे लोक मूळचे स्वीडनचे. तसं विचारलंसुद्धा. नाही म्हणाल्या. आम्ही इथलेच, पिढ्यान् पिढ्या इथलेच, फिनलंडचेच. फक्त भाषा स्वीडिश, आणि या गावात तरी आमच्यासारखेच जास्त. मी खजील झाले. इथे ग्रोसरीच्या रांगेत कुणी मला "तुम्ही इंडियन, म्हणजे हिंदीच ना तुमची" असं म्हटलं की माझं डोकं फिरतं, त्या माणसाला मी तिथल्या तिथे महाराष्ट्राचा नकाशा समजावून सांगते. आणि मीच लेकीच्या सासरी जाऊन नेमकं तेच करून बसले होते.

त्या गावात रस्त्यांच्या पाट्यांवर दोन नावं असतात. वर स्वीडिश, खाली फिनिश. ज्या गावात जे लोक जास्त त्यांची भाषा वर. पुढच्या एका गावात गेलात तर क्रम उलटा. बेकरीतली बाई गिऱ्हाइकाला दोन्ही भाषांत नमस्कार करायची आणि ज्या भाषेत उत्तर येईल ती भाषा धरून पुढे बोलायची. वेलची घातलेले पाव मिळायचे तिथे, दारातून आत पाऊल टाकलं की घरी श्रीखंड केल्यासारखा वास. विहीणबाई तीस वर्षं पोस्टात होत्या, घरोघर टपाल टाकायच्या. कुठल्या दारामागे कुठली भाषा हे त्यांना तोंडपाठ. त्यांचे यजमान फिनिश बोलणारे. ते गेले तोवर, चाळीस वर्षं, बाई त्यांच्याशी स्वीडिश बोलत आणि ते उत्तर फिनिशमध्ये देत. मुलाशी आईने स्वीडिशच बोलायचं, बापाने फिनिशच. एकाच टेबलावर, एकाच भांड्यातलं सूप वाढून घेताना. कुणाचा कधी गोंधळ झाला नाही म्हणे.

मला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. मी सोलापूरची. आमच्या शेजारी तेलुगू, कोपऱ्यावरचं किराणा दुकान कानडी, शाळा मराठी. सहा वर्षांची असताना मी मीठ कानडीत मागत होते आणि शेजारच्या काकूंच्या शिव्या तेलुगूत ऐकत होते. एका पोराच्या डोक्यात तीन भाषा सुखाने नांदतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. हे मी मुद्दाम सांगतेय. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

बाळ झाल्यावर तिकडे एक फॉर्म भरावा लागतो. त्यात नावाबरोबर बाळाची मातृभाषा लिहायची. एकच. दोन लिहायला जागाच नाही. नातीची स्वीडिश लिहिली. माझा चेहरा बघून लेक म्हणाली की त्याच्यावर काही नाही गं, घरी आपण आपल्याला हव्या त्या बोलू. मग तपासणीला आलेल्या नर्सने तिला सांगितलं की बापाने बाळाशी त्याची भाषा बोलावी आणि आईने आईची. उसनी नको, लहानपणापासूनची असेल ती. तुमची कुठली?

त्या दिवशी संध्याकाळी, बाळाला मांडीवर घेऊन, लेकीने मला विचारलं. ती इंग्लिशमध्येच बोलते, मी इथे मराठीत लिहितेय. तिने विचारलं, "मॉम, मी लहान असताना मराठी बोलायचे का? अगदी लहान असताना तरी?"

आणि मी म्हणाले, "नाही. तू कधी बोललीच नाहीस. अमेरिकेतली मुलं नाहीच बोलत."

खोटं. चक्क, तोंडावर, सहा दिवसांच्या नातीसमोर खोटं. ती जराशी हिरमुसली. मग म्हणाली, ठीक आहे, मग माझी इंग्लिशच. आणि त्या दिवसापासून ती नातीशी इंग्लिशच बोलते. तिने जर त्या दिवशी "हो" ऐकलं असतं, तर तिने कुठूनही, कसंही करून मराठी शोधून काढली असती. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणजे माझ्या एका शब्दावर माझी नात माझ्या भाषेला मुकली. आणि तरीही मी तो शब्द परत घेतला नाही, कारण परत घेतला असता तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

पुढचं म्हणजे असं. लेक पाच वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात मराठीशिवाय काही नव्हतं. काय बोलायची! सकाळी डोळे उघडले की सुरू, ते झोपेपर्यंत. माझ्या आईचे हेल, सोलापूरचे शब्द, सगळं उचललेलं. मग किंडरगार्टन सुरू झालं. दोन महिन्यांनी शाळेतल्या बाईंनी बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं की ती वर्गात गप्प असते, सूचना कळत नाहीत, घरी जरा इंग्लिश वाढवा. वाढवा म्हणाल्या होत्या त्या. मराठी बंद करा असं त्यांनी म्हटलं नव्हतं. ते आमचं डोकं.

नवरा आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमधले. नवीन सिस्टिम आली की जुनी कशी बंद करतात ते आम्हाला पाठ. दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवल्या तर लोक जुनीच वापरत राहतात. म्हणून एक दिवस ठरवायचा, त्या दिवशी जुनी बंद, नवी सुरू, आणि मग काही झालं तरी मागे फिरायचं नाही. याला आम्ही कटओव्हर म्हणतो. आम्ही आमच्या पाच वर्षांच्या पोरीचा कटओव्हर केला. रविवारी रात्रीपर्यंत मराठी, सोमवारपासून इंग्लिश. फ्रिजवर तक्ता लावला, दिवसभर मराठी न बोलल्यास एक सोनेरी स्टार. "आई" बंद, "मॉम" सुरू. आम्हा दोघांना मराठी बोलायची असेल तर बेडरूमचं दार लावून.

आणि एक युक्ती. ती माझी, नवऱ्याची नव्हे. ती मराठीत काही म्हणाली की आपल्याला कळत नाही असं दाखवायचं. "आई, पाणी दे" म्हणाली की मी कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, आय डोन्ट अंडरस्टँड. पहिल्या आठवड्यात ती हसायची, खेळ वाटला तिला. दुसऱ्या आठवड्यात रडली. माझा पदर नव्हता, जीन्सच धरून ओढायची आणि तेच वाक्य मोठ्याने म्हणायची, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. मी ढिम्म. नंतर तिने पाणी मागायचं सोडलं, स्टूल ओढून स्वतः घ्यायला लागली. आम्हाला वाटलं, बघा, किती स्वावलंबी झाली. नाताळपर्यंत काम फत्ते. नवऱ्याने ऑफिसात अभिमानाने सांगितलं, आणि दोन-तीन जोडप्यांनी माझ्याकडून त्या तक्त्याची कॉपीही नेली. इथल्या मराठी मंडळात मात्र आम्ही बाकीच्यांच्या सुरात सूर मिसळायचो. काय करणार हो, मुलं बोलतच नाहीत. वर्षानुवर्षं इतक्यांदा म्हटलं की माझाच त्यावर विश्वास बसला.

तर जुलैकडे येते. नवऱ्याने गेल्या वर्षी रिटायर झाल्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेट एका दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर करून आणल्या होत्या. पंधरा-वीस कॅसेट, त्यातलं काय काय आहे ते त्याने स्वतःही पाहिलं नव्हतं. एका दुपारी बाहेर ऊन मी मी म्हणत होतं, जावई ग्रोसरी आणायला गेला होता, नातीला घरात करमेना. नवरा म्हणाला, चल, तुला तुझी आई छोटी असतानाची दाखवतो. सगळे टीव्हीसमोर बसलो. मी, लेक आणि विहीणबाई सोफ्यावर, नात खाली गालिच्यावर.

आधी एक वाढदिवस, मग बर्फाचा एक माणूस, मग शाळेचा कार्यक्रम. नात टाळ्या पिटत होती. विहीणबाई कौतुकाने बघत होत्या. मग चित्र हललं, आणि आमचं जुनं अपार्टमेंट दिसलं. डायनिंग टेबल. टेबलाखाली लेक, हातात बाहुली. नवऱ्याने लांबून, तिच्या नकळत घेतलं असावं, गंमत म्हणून. आवाज बारीक होता. तो त्याने रिमोटवर वाढवला.

ती बाहुलीशी मराठी बोलत होती. घडाघडा, न अडखळता, माझ्या आईच्या हेलात.

लेक आधी हसली, मला म्हणाली, ही मीच आहे ना? मग पुढे सरकून बसली. म्हणाली, हे मराठी आहे? तिने बापाच्या हातातून रिमोट घेतला, मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा मागे नेलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ती ओठ हलवत होती, शब्द पकडायला बघत होती, आणि तिला "आई" सोडून एकही शब्द कळत नव्हता. स्वतःचाच आवाज, स्वतःचंच तोंड, आणि तिला कळत नव्हतं. तो चेहरा मी विसरणार नाही. मी घरातली कितीतरी मरणं पाहिलीत, त्यांतल्या कुठल्याच वेळी इतकी हादरले नव्हते.

नवरा खाली मान घालून बसला होता. त्यालाही कळलं होतं, ती काय म्हणतेय.

"मॉम," लेक म्हणाली, "मी काय बोलतेय?"

सांगायला सोपं होतं काहीही. बाहुलीला भात भरवतेयस, अंगाई म्हणतेयस. जिभेवर आलंही होतं. तिला पडताळायची सोय नव्हती. मी बाजूला पाहिलं तर विहीणबाई टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही, पण तीस वर्षं दारोदार पत्रं दिलेली बाई, वाईट बातमी आलेला चेहरा ओळखत असणार.

मी सांगितलं. इंग्लिशमध्ये, एकेक वाक्य थांबून. त्या टेबलाखालच्या मुलीने जे म्हटलं होतं ते असं होतं, "हळू बोल. आईला ऐकू गेलं तर ती चिडेल. आईला आता आपलं बोललेलं कळत नाही. तिच्या डोक्याला काहीतरी झालंय. ती बरी झाली ना, की मग आपण मोठ्यांदा बोलू हां."

चित्र थांबवलेलं होतं, टेबलाखाली ती बाहुलीच्या तोंडावर बोट ठेवून बसलेली.

लेक म्हणाली की तिला स्टूल आठवतं. सिंकपाशी ओढत न्यायची ते. आणि मी काहीतरी म्हणतेय, कपाळाला आठ्या घालून, हे आठवतं. ते तिला एखादं वाईट स्वप्न वाटायचं, म्हणून कधी कुणाला सांगितलं नाही. मग मी तिला सोमवार सांगितला, तक्ता सांगितला, स्टार सांगितले. युक्ती कुणाची होती तेही सांगितलं. नवरा मध्ये काही बोलू पाहत होता, त्याला मी गप्प केलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला तोंड देता येतं मला. तिने एवढंच विचारलं.

"म्हणजे मी पाणी मागायचे, तेव्हा तुला कळत होतं?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

तिने मान हलवली. रिमोट टेबलावर नीट सरळ ठेवला. नात इतका वेळ टीव्हीवरच्या त्या थांबलेल्या मुलीकडे बघत होती. ती उठून आईच्या मांडीत शिरली आणि स्क्रीनकडे बोट दाखवून स्वीडिशमध्ये काहीतरी विचारायला लागली. एरवी तिच्याशी इंग्लिशच बोलणाऱ्या लेकीने तिच्या केसांवरून हात फिरवत या वेळी स्वीडिशमध्ये उत्तर दिलं. लांबलचक. विहीणबाईंनी ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती विचारत होती, ती मुलगी टेबलाखाली का बसलीय. मी सांगितलं, ती आई बरी व्हायची वाट बघतेय."

नातीने ते ऐकून मान वळवली, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि आईला आणखी काहीतरी विचारलं. मी थांबले. त्याचं भाषांतर लेकीने केलं नाही.